केबलला बांधलेला काळा दोरा

त्या सकाळी अक्कलकोट रोड एमआयडीसीत अंबादासशेठच्या टॉवेल कारखान्यासमोर सायकलींची एवढी दाटी झाली होती की मला माझी मोटारसायकल पार पलीकडच्या लिंबाखाली लावावी लागली. शेजारपाजारच्या कारखान्यांतले कामगार आपापले माग सोडून आले होते. कुणी फाटकावर चढलं होतं, कुणी खिडकीच्या गजांना धरून उभं होतं. एरवी त्या भागात मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी आत वाजणारी घंटा रस्त्यावर ऐकू येत होती.

"काय चाललंय?" मी फाटकावरच्या वॉचमनला विचारलं.

"मालकाचा जेकार्डाचा माग रुसलाय न्हवं का. संगप्पा अप्पा आल्यात त्याला बोलता कराया. लई पावरबाज मानूस. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, मग साक्षात्कार झाला."

जेकार्ड म्हणजे नक्षी विणणारा माग. तो ज्या पेटीवर चालत होता ती आमची. मी युवराज. शुक्रवार पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची छोटी कंपनी आहे. टॉवेलावर मोर विणायचा असो की कमळ, कॉम्प्युटरवर काढलेलं डिझाइन मागापर्यंत पोहोचवणारी पेटी आणि तिचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ते तपासायचं काम माझं. शिवाय रविवारी मी शाळाशाळांतून फिरतो, जिभेवर कापूर जाळून दाखवतो, बुवांच्या हातचलाख्या पोरांना समजावून सांगतो. त्या दिवशी खरं तर नव्या पेट्यांची ऑर्डर पक्की करायला आलो होतो. पण समोर आयता बुवा दिसल्यावर माझे हात शिवशिवायला लागले.

आत कॉम्प्युटरच्या टेबलावर लिंबं, अंगारा आणि उदबत्त्यांचा ढीग होता. कीबोर्डवर कुंकू सांडलं होतं. अप्पा डोळे मिटून माऊसवर हात ठेवून बसले होते.

"इजेला मन असतंय," अप्पा म्हणाले. "आनि कॉम्प्युटर म्हंजे काय? मागाचा डोळा. डोळ्यावर वंगाळ सावली पडली की माग आंधळा हुतोय. लोकं म्हनत्यात व्हायरस आला. आरं, व्हायरसला अँटीव्हायरस असतंय. नजरेला संगप्पा असतोय!"

गर्दीनं मान डोलावली. अँटीव्हायरस वर्षातून एकदा नवा घ्यावा लागतो, अप्पा दर अमावस्येला घ्यावे लागतात, एवढाच काय तो फरक, असं मी शेजारच्याला म्हणालो. तो हसला नाही.

"माग कुनाच्या हातात आसताना बंद पडतोय?" अप्पांनी विचारलं.

"नवनाथच्या पाळीत झकास चालतोय," अंबादासशेठ म्हणाले. "प्रतिक्षाची पाळी आली की बंद. परत नवनाथ आला की चालू."

"माझ्या हाताला यश हाय," नवनाथ मधेच म्हणाला. "म्या नुसती पिन काढून परत बशिवतो."

"ही प्रतिक्षा कुटल्या गल्लीतली?"

शेठनी तिच्या वस्तीचं नाव सांगितलं. ते ऐकल्यावर अप्पांना दिव्यदृष्टी यायला फारसा वेळ लागला नाही. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "तिचीच सावली. दाराच्या आत घ्यायची न्हाय. आता समदी भाईर व्हा. दृष्ट काढताना कुनाचा डोळा नगं."

सगळे बाहेर आले. दार लागलं. आतून मंत्र ऐकू येत होते, मधूनच टेबल सरकवल्याचा आवाज. थोड्या वेळानं शंख वाजला, दार उघडलं आणि माग चालू झाला. पांढऱ्या टॉवेलाच्या काठावर निळ्या मोराचा पिसारा धाग्याधाग्यानं उमटत चालला होता. बायकांनी हात जोडले. अंबादासशेठनी चक्क अप्पांच्या पायावर डोकं ठेवलं.

मी टेबलाच्या मागे वाकून पाहिलं. पेटीची केबल कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये, म्हणजे पिन घालायच्या खाचेत, घातलेली होती आणि तिला काळा दोरा गुंडाळून वर मेण ओतलं होतं.

"ह्या दोऱ्याला कुनी हात लावायचा न्हाय," अप्पा बजावत होते. "वायर हलली की सावली परत आली म्हनून समजा."

कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला आणखी एक पोर्ट होतं. त्या कारखान्यात प्रत्येक वस्तूवर कापसाची रुई बसलेली असते, पण हे पोर्ट आतून स्वच्छ होतं. म्हणजे कुणीतरी ते वापरत होतं. माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं.

मी बाहेर आलो. प्रतिक्षा फाटकाबाहेर, सायकलींच्या मागं डबा हातात धरून उभी होती. तिला आत घेत नव्हते आणि ती घरीही जात नव्हती.

"कामावर आलीस की पहिलं काय करतेस?" मी विचारलं.

"रुई झाडते की. समद्या वायरी काढते, ब्रशनं साफ करते, मग परत लावते. मशीन साफ ठिवलं तर टिकतंय, असं आमच्या कॉलेजात शिकवलंय." ती बार्शीला शिकलेली होती.

"आणि पेटीची केबल?"

"म्होरं लावते. मागं भिंत हाय, हात जात न्हाय नीट. का ओ सर?" मग माझ्याकडं निरखून बघत ती म्हणाली, "तुमी युवराज सर न्हवं? मी तुमाला फोन केल्ता. तीन-चार बार केल्ता. तुमी म्हनला, आमच्याकडं व्यवस्थित चालतंय, बंद करून चालू कर."

आठवलं. एकदा तर मी जेवत होतो आणि घास गिळताना तेच वाक्य बोललो होतो. फोन ठेवल्यावर जेवायला बसलेल्या मित्रांना म्हणालो होतो, "ऑपरेटर लोकांना काही कळत नाही." त्या वेळी ती रडवेली होती की नाही हेही मी ऐकलं नव्हतं.

आमच्याकडं व्यवस्थित चालत होतं हे खरंच होतं. का चालत होतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. ऑफिसात तपासणीचा एकच कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर पेटीचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला पेटीची भाषा समजावणारा प्रोग्राम, फार पूर्वीपासून बसलेला आहे आणि केबल मागच्या एकाच पोर्टात कायमची घातलेली आहे. नवी पेटी आली की ती त्या केबलला जोडायची, चाचणीचं मोराचं डिझाइन पेटीपर्यंत पोहोचलं की उतरवायची. कोऱ्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर बसवून बघावा, केबल काढून दुसरीकडे घालून बघावी, हे कधी केलंच नाही. माल निघायच्या दिवशी आमच्या कंपनीच्या मालकीण शिवलीला मॅडम पेट्यांसमोर नारळ फोडतात. मी त्यांची थट्टा करायचो. आणि थट्टा करता करता नीट न तपासलेल्या पेट्यांवर 'तपासले' असं छापलेले स्टिकर चिकटवत जायचो. खोबरंही मीच सगळ्यांत जास्त खायचो.

मी कोपऱ्यात जाऊन मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बुवाचं बिंग फोड," त्या म्हणाल्या. "पण आपलं नाव मधे आणू नकोस. ऑपरेटरनं पिन चुकीच्या जागी लावली म्हणून सांग. ते काही खोटं नाही. ऑर्डर हातची घालवू नकोस, युवराज."

मी आत गेलो. अप्पा चहा घेत होते.

"शेठ, मी हा दोरा तोडणार आहे," मी म्हणालो.

एकदम गलका झाला. "आवो, नगं! माग बंद पडंल!"

"पडू दे. सुरू करून दिल्याशिवाय मी इथून हलणार नाही. पण मी तोडत नाही. नवनाथ, तुझ्या हाताला यश आहे ना? तूच तोड. आणि केबल पुढं लाव."

नवनाथनं अप्पांकडं पाहिलं, मालकांकडं पाहिलं. शेठनी होकाराची मान हलवली. त्यानं मेण खरवडलं, केबल काढली आणि पुढच्या पोर्टमध्ये घातली. मोराचा पिसारा अर्ध्यावर थांबला. यशाचा हात नवनाथनं पँटीला पुसला.

"सांगितलं न्हवतं?" अप्पा उसळले. "दोरा तुटला, सावली आली!"

"सावली नवनाथच्या हातातून आली का?" मी म्हणालो आणि फाटकाकडं वळून हाक मारली, "प्रतिक्षा, आत ये."

कुणी वाट देईना. तिनंच डबा छातीशी धरून वाट काढली. मी तिला केबल मागं लावायला सांगितलं. तिनं हात भिंतीशी घासत पोर्ट चाचपलं, केबल घातली. माग खडखडला आणि राहिलेला पिसारा विणायला लागला. दोरा नाही, अंगारा नाही, तिच्याच हातानं. मी पुन्हा पुढं लावायला लावली, माग थांबला. पुन्हा मागं, माग चालला. शेवटी खिडकीतले लोकच ओरडायला लागले, "आता म्होरं! आता मागं!"

"दार लावून अप्पांनी एवढंच केलं," मी सांगितलं. "एका जागी चालेना म्हणून पिन दुसऱ्या जागी घालून पाहिली. टीव्ही दुरुस्त करणारा माणूस हेच करतो. ते उघड केलं असतं तर मेकॅनिक ठरले असते. दार लावून केलं म्हणून देव ठरले."

लोक हसले. अप्पा पिशवी भरायला लागले. "त्या म्होरच्या भोकात अवदसा हाय," ते पुटपुटले, पण आता कुणी मान डोलावली नाही.

तेवढ्यात अंबादासशेठ मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हंजे सावली-बिवली काय न्हाय! पोरीनं पिन चुकीच्या ठिकाणी लावली. चूक हिचीच की!"

मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवून काय करू. बुवा उघडा पडला होता, ऑर्डर शाबूत होती आणि मॅडमचं वाक्य मला बोलावंही लागलं नव्हतं, शेठच बोलले होते. गप्प राहिलो असतो तर लोकांनी मला खांद्यावर घेतलं असतं. प्रतिक्षानं मान खाली घातली. आधी सावली म्हणून घातली होती, आता चूक म्हणून. आणि ती घालायला लावणारा मीच होतो. मला स्वतःची शरम वाटली.

"चूक तिची नाही, शेठ," मी म्हणालो. "आमची आहे. माझी."

"तुमची कशी?"

"तुमच्याकडं तेलुगू बोलणारे विणकर आहेत, सीमेपलीकडचे कन्नड बोलणारे आहेत. दोघांची गाठ पडली तर मधे दुभाषी लागतो. कॉम्प्युटर आणि पेटी यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. कॉम्प्युटर प्रत्येक पोर्टावर या पेटीला वेगळा नंबर देतो. आमचा ड्रायव्हर बसवला त्या दिवशी मागच्या पोर्टावर जो नंबर मिळाला, तोच तो धरून बसला. केबल पुढं गेली की पेटीला नवा नंबर मिळतो आणि आमचं सॉफ्टवेअर जुन्याच नंबरला हाका मारत राहतं. केबल कुठंही लावली तरी पेटी चाललीच पाहिजे. ती चालते का, हे माल पाठवायच्या आधी बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही. न बघताच बघितलं म्हणून स्टिकर लावला. या मुलीनं फोन करून सांगितलं, तेही ऐकलं नाही. ती रोज मशीन साफ करते म्हणून तिच्या हातात ते बंद पडत होतं. नवनाथ झाडतच नाही, आल्या आल्या पिन काढून सवयीनं मागं बसवतो, म्हणून त्याचा हात यशाचा."

खिडकीतले लोक पेटीकडं बघायला लागले. माग तेवढा चालला होता.

शेठ मागावरून माझ्याकडं वळले. "मग नव्या पेट्या?"

"आधी ही नीट करतो. कोऱ्या कॉम्प्युटरवर, सगळ्या पोर्टांवर, तुमच्यासमोर. मग तुम्ही ठरवा."

त्यांनी प्रतिक्षाला उद्यापासून कामावर यायला सांगितलं. मला वाटलं, ती आभार मानेल. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होतो.

"येते," ती शेठना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सर, तुमी हितं सांगितलं, बरं झालं. पन माझ्या पाळीत माग बंद पडतोय हे कवाच भाईर गेलंय, माझं नाव हितंच ऱ्हायलं न्हाय. पल्याडच्या कारखान्यात माझ्या भैनीला बी कामाला नगं म्हनलं. आमच्या गल्लीत नळावर बाया बोलत्यात. माझ्या आईनं माझ्यावरनं मिरच्या ओवाळल्या, सर. तितं कोन सांगनार?"

आमच्याकडं चूक सापडली की ड्रायव्हर सुधारून पुन्हा पाठवता येतो. गावभर पसरलेलं नाव तसं दुरुस्त करता येत नाही.

"मी सांगतो," मी म्हणालो.

"फोनवर नगं. येऊन सांगा."

ऑर्डर मिळाली नाही आणि मॅडम अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. मी प्रतिक्षाबरोबर पलीकडच्या कारखान्यात गेलो, तिच्या गल्लीत गेलो, नळावर उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगितलं. काहींनी ऐकलं. तिच्या बहिणीला परत कामावर घेतलं. तिच्या आईनं मला चहा दिला, पण "मग तवा फोनवर का न्हाय सांगितलं?" हेही विचारलं.

वाचकहो, संगप्पा अप्पांना हसणं सोपं आहे, मीही पोटभर हसलो. पण न चालणारी वस्तू न तपासता पाठवणारा मी नसतो तर अप्पांना त्या कारखान्यात कुणी बोलावलं नसतं. तुमच्याकडं काही बंद पडलं तर त्या वस्तूपाशी जा. ती उघडा, काढा, लावा, दुसऱ्या जागी लावून बघा, चारचौघांसमोर बघा. कुणी दार लावायला सांगितलं तर लावू नका. आणि कुणाच्या तरी हाताला, सावलीला, गल्लीला दोष देण्याआधी, ज्यानं वस्तू बनवली त्याला बोलावून समोर उभं करा. तो फोनवर "आमच्याकडं व्यवस्थित चालतं" म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. त्याला म्हणा, येऊन सांग.