वॉर्डातला आठ तोंडांचा फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. हस्तिदंताचा नाही की लाकडाचा नाही. मोडलेल्या हातापायांना जे बांधतात त्या प्लास्टरचा. तुमच्या सापशिडीतल्या फाशाला सहा तोंडं असतात, मी आठ तोंडं घेऊन जन्माला आलो. माझं गाव गडचिरोली, आणि जन्माची जागा तिथल्या दवाखान्यातली प्लास्टरची खोली. साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. मोहाची फुलं गळण्याचे दिवस होते.

माझा जन्म झाला तो खुशालच्या हट्टापायी. खुशाल रामटेके हा बल्लारपूरचा. वडील कागदाच्या कारखान्यात कामाला आणि मुलगा नागपुरात इंजिनिअरिंगला. मित्राच्या बहिणीच्या लग्नासाठी तो मोटारसायकलवर मागे बसून गडचिरोलीला आला. आडवी आलेली बैलबंडी चुकवताना गाडी घसरली आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पाय वर टांगून त्याला वजन बांधलं आणि बजावलं, "हाड जागेवर बसलंय. आता उठायचं नाव काढायचं नाही."

त्याच्या उजव्या हाताच्या खाटेवर लहानूभाऊ होते. एसटीचे कंडक्टर. बसच्या टपावरून सामान उतरवताना पडले आणि खुब्याला मार लागला. आवाज मात्र शाबूत राहिला होता. डाव्या हाताला, भिंतीशी, जंगू होता. मोहफुलं वेचताना अस्वल त्याच्या अंगावर आलं होतं. उजवा खांदा फाटला होता. टाके घातले, जखम भरत आली, पण जंगू भिंतीकडे तोंड करून पडून राही. बोलत नसे, धड जेवत नसे, म्हणून डाव्या हाताला सलाईन लावून ठेवलेलं असे. डॉक्टर रोज सांगत, उजवा हात उचल, नाहीतर तो असाच आखडून जाईल. जंगू हात उचलत नसे. त्याची बायको सोमारी खाटेखाली सतरंजी टाकून बसलेली असे. एकदा ती सिस्टर सत्यशीलाबाईंना हळूच म्हणाली, "बाई, हे म्हन्ते, जंगलात पाय नाई टाकत आता. मंग आमी खावाचं का?"

खुशालच्या डोक्यात मात्र एका खेळाने घर केलं होतं. त्याच्या होस्टेलात एक परदेशी विद्यार्थी होता. त्याच्याकडे खोकं भरून एक खेळ होता: जाडजूड पुस्तक, नकाशे, छोटे पुतळे, रंगीत फासे. एक जण गोष्ट रचतो आणि बाकीचे त्या गोष्टीतले वीर, चेटकिणी, वैद्य होतात. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं.

"म्हंजे सोंगट्याच ना?" लहानूभाऊंनी विचारलं.

"नाई ना भाऊ. सोंगटीले घर ठरलेलं असते. इथी तुमी म्हनान तिकडं जाता येते. गुहेत जा, नाईतं राजाच्या पंगतीत जाऊन बसा."

"मंग पंगतीतच बसतो मी. दवाखान्याच्या खिचडीनं तोंड मेलं माझं."

खुशालने वडिलांकरवी त्या परदेशी विद्यार्थ्याला निरोप धाडला होता, की खोकं पाठव. पुढच्या भेटीला वडील आले ते रिकाम्या हाताने. तो विद्यार्थी खोकं घेऊन आपल्या देशी गेला होता. तसला खेळ नागपुरातल्या दुकानांत मिळत नव्हता, मग गडचिरोलीत कुठून मिळणार? खुशालने चादर डोक्यावर ओढून घेतली. दुसऱ्या दिवशीही तोंड बाहेर काढेना.

ताप बघायला आलेल्या सत्यशीलाबाईंनी ती चादर खाली केली. "पुस्तक गेलं तं गेलं. तुमच्या डोक्यात काई उरलं हाय का नाई?"

"अर्धंमुर्धं आठवते."

"मंग अर्ध्यावरच खेळा. उरलेलं आपुन रचू. आनि सामान का, दवाखान्यात सामानाले कमी हाय?"

आणि मित्रांनो, खरंच कमी नव्हती. बाईंनी कुटुंबनियोजनाचं एक जुनं पोस्टर आणून दिलं. त्याची पाठ कोरी होती, तिच्यावर खुशालने पडल्या पडल्या डोंगर, नदी, किल्ला असा मुलूख काढला. इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं उकळून घेतली, ते झाले वीर. औषधांची रिकामी खोकी उलटी ठेवली, ती झाली घरं आणि बुरूज. कापसाचा बोळा जांभळ्या औषधात बुडवला आणि राक्षस तयार झाला. आवारातल्या चिंचेखाली सोमारीने चिंचोके वेचले. प्रत्येकाला सारखे चिंचोके वाटायचे, तेच त्याचं बळ. मार बसला की चिंचोका गेला. जे नियम खुशालला आठवत नव्हते, ते लहानूभाऊंनी बसल्या जागी बनवले आणि वेळोवेळी आपल्या सोयीने बदलले.

राहता राहिला फासा. सहा तोंडांचा खुशालला नको होता. त्या खेळात वीस तोंडांचे फासे असत, म्हणे. प्लास्टर घालणाऱ्या बापूजींकडे त्याने हट्ट धरला. बापूजींनी आपली पांढरी झालेली बोटं झटकली. "वीस तोंडं माझ्यानं नाई होत, बाबू. कमी कर काई." खुशालने साबणाची वडी मागितली, तिचा चौकोनी ठोकळा केला आणि त्याचे आठही कोपरे कापत नेले. कापता कापता आठ सारखी तोंडं निघाली. बापूजींनी तो साबण खाली-वर फिरवून पाहिला आणि हसत खोलीकडे गेले.

एका रुग्णाचा पाय बांधून झाल्यावर भांड्यात थोडं प्लास्टर उरलं होतं. ते त्यांनी गोळ्यांच्या खोक्यात ओतलं. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मीही जन्मलो तेव्हा चांगला ऊबदार होतो. बापूजींनी माझे कोपरे सुरीने कापले, फरशीवर घासून मला गुळगुळीत केलं. दवाखान्याच्या चादरींवर खुणा करायची काळी शाई असे, तिने खुशालने माझ्या अंगावर एक ते आठ आकडे घातले. माझ्या जन्मासाठी कुणाला काही विकत आणावं लागलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

खेळ दुपारी चाले. खुशाल आणि जंगू यांच्या खाटांमध्ये ड्रेसिंगची ट्रॉली आणून तिच्यावर मुलूख पसरायचा. लहानूभाऊ झाले सेनापती. त्यांच्या वतीने मला फेकायचं काम खुशालकडे, आणि आकडा कमी आला की दोष माझ्याकडे. सत्यशीलाबाई काम हातावेगळं झालं की येत, त्या वैद्य. खुशालने बर्फाचा डोंगर रचला तेव्हा भाऊ अडून बसले. "बर्फाचा डोंगर असते कसा? रसवंतीवाल्याच्या लादीवानी?" मग तो डोंगर वितळला आणि त्या जागी किर्र जंगल आलं.

सोमारी कडेला बसून पाहायची. एका दुपारी बाई कामात होत्या, तेव्हा तिने विचारलं, "मी बसू का?" तिला एक बूच मिळालं, चिंचोके मिळाले. तिने पहिल्यांदा मला हातात धरलं आणि फेकण्याआधी तोंडाशी नेऊन माझ्याशी गोंडीत काहीतरी बोलली. ते मी कुणाला सांगणार नाही.

तिचं बूच जंगलात शिरलं. खुशाल गोष्टीत रंगला होता. त्याने जांभळा बोळा उचलून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "झाडीतून अस्वल निघालं!"

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. सोमारीचा हात थबकला. लहानूभाऊ दबक्या आवाजात खेकसले, "अबे, अक्कल गहान ठेवली का तू?"

"चुकलं माझं," खुशाल बोळा उचलू लागला. "अस्वल नाई, तो... तो कोल्हा होता."

"राहू दे."

आवाज भिंतीकडून आला होता. जंगूने मान वळवली होती. इतक्या दिवसांत त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहिला.

"त्याच्यासंगं पिल्लू हाय का?" त्याने विचारलं.

खुशालने बोळा परत खाली ठेवला. तो म्हणाला, "हाय."

"मंग ते हटनार नाई. तू हट," जंगू सोमारीला म्हणाला. "मागं मागं जा. पाठ नको दाखवू."

मागे सरकणं जमलं की नाही, ते मी ठरवायचं होतं. पाच किंवा त्यावर पडलं तर सुटका. सोमारी मला उचलणार, तोच जंगू म्हणाला, "मी टाकतो." डावा हात सलाईनला बांधलेला. ट्रॉली उजव्या अंगाला. उजवा हात चादरीतून बाहेर आला, मध्येच थांबला. वॉर्डाच्या दारात सत्यशीलाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी तोंडावर हात ठेवला. हात आणखी वर आला. जंगूने मला उचललं. त्याच्या तळहाताला दरदरून घाम फुटला होता. त्याने मला फेकलं.

मित्रांनो, मला त्या दिवशी आठ दाखवायचे होते. पण फाशाचं त्याच्या मनासारखं चालत नाही. मी गडगडत गेलो आणि दोनवर थांबलो.

खुशालला खोटं बोलता आलं असतं, आकडा त्याच्याच बाजूला होता. पण जंगू मान उंचावून बघत होता. "दोन," खुशाल म्हणाला. "अस्वल अंगावर आलं. सगळे चिंचोके गेले."

"जात कसे?" लहानूभाऊ गरजले. "सेनापती मेला का इथी? माझे सारे घ्या. तिच्या आनि अस्वलाच्या मधात मी उभा हाव." आणि त्यांनी आपले चिंचोके मूठ भरून खुशालच्या खाटेवर टाकले. असा नियम नव्हता. त्या क्षणी तो झाला.

सोमारीचं बूच वाचलं. जंगू त्या जांभळ्या बोळ्याकडे पाहत होता. मग तो मोडक्या मराठीत, थांबत थांबत बोलू लागला. अंधारी पहाट होती. तो वाकून फुलं वेचत होता. पिल्लू त्याला दिसलंच नाही. आई आली तेव्हा तो तिच्या आणि पिल्लाच्या मधेच होता. "माझ्या आनि अस्वलाच्या मधात कोनी नोयतं," तो म्हणाला. सोमारीने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. ही हकिकत त्याने तिलाही सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने भाताचं ताट मागितलं. आणि त्या दुपारपासून मला फेकायचं काम त्याच्याकडे गेलं. सगळ्यांच्या वतीने तोच मला फेकी, तेही उजव्या हाताने. डॉक्टर सांगून थकले ते खेळाने करून घेतलं. घरी निघाला तेव्हा हात खांद्याच्या वर जात होता, पुरता नाही, पण टोपली डोक्यावर घेता येईल इतका. जंगलात जाणार का, असं भाऊंनी विचारलं. "जाईन," तो म्हणाला. "सोमारीले संगं घेऊन." दोघंही पुढे जंगलात गेल्याचं एका रुग्णाकडून कळलं.

लहानूभाऊ बरे होऊन घरी गेले. मग काठी घेऊन खुशाल गेला. जाताना त्याने मला मुठीत घेतलं, खिशात घातलं, दारापर्यंत नेलं आणि परत फिरून बाईंच्या हातात ठेवलं. "इथीच राहू द्या. माझ्यावानी पडून राहनारे लय येतीन." ते माझे सोन्याचे दिवस होते. सत्यशीलाबाईंनी मला कापसाच्या रिकाम्या डब्यात जपलं. कितीतरी आडव्या पडलेल्या माणसांनी माझ्या जिवावर कितीतरी मुलूख जिंकले.

पुढे बाईंची बदली कोरपन्याला झाली. डबा कपाटामागे पडला. पोस्टर भिजून फाटलं, बुचं कुणी फेकून दिली, चिंचोक्यांना किडे लागले. रंगरंगोटीच्या वेळी झाडलोट करणाऱ्या मनकर्णाबाईंना मी सापडलो. मी त्यांना खडूचा तुकडा वाटलो. त्यांनी मला घरी नेलं आणि त्यांच्या मुलीने मला घासून अंगणातल्या काळ्या फरशीवर ठिकरीच्या खेळाची घरं आखली. आखता आखता माझं एक तोंड झिजून कोरं झालं. मी ओरडू शकत नव्हतो. त्या पोरीला मात्र दुसऱ्या तोंडावर आकडा दिसला आणि ती थांबली. "आई, हे खडू नोहे वं!"

मनकर्णाबाईंनी मला दवाखान्यात परत आणलं, बायकांच्या वॉर्डात. तेव्हा तिथे वच्छला नावाच्या एक बाई पाय बांधून पडल्या होत्या. त्यांनाही हा खेळ माहीत नव्हता, सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी मला फिरवून पाहिलं. "आकड्याचं समजलं. पन हे कोरं तोंड आलं तं काय करावं?" शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "ज्याले कोरं येईन, त्यानं पुढं काय झालं ते सांगावं. मनाचं." आणि मला घेऊन तिने मनकर्णाबाईंसमोर धरलं. "टाक तू."

त्यांनी हात पदराला पुसला, फेकलं. मी उलटापालटा होत कोऱ्या तोंडावर स्थिरावलो. मनकर्णाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, खाटेच्या कडेवर बसल्या आणि वॉर्डभर नजर फिरवून म्हणाल्या, "एक बाई होती. तिले उडता येत होतं."

मित्रांनो, माझी सात तोंडं अजून शाबूत आहेत. मला कोरडं ठेवा, डब्यात ठेवा आणि खेळून झालं की पुढच्या आजाऱ्याच्या हाती द्या. आणि एखाद्या खेळाचं सामान मिळत नाही म्हणून चादर डोक्यावर ओढून घेऊ नका. कुणाच्या तरी भांड्याच्या तळाशी थोडं प्लास्टर उरलेलं असतं.