मांडवामागचा डबा

"सही कुठी करू, वकीलबाई?"

सोमाजीने पेनाचं टोपण दातात धरलं आणि कागद आपल्याकडे ओढला. टेबलापलीकडे बसलेल्या नंदिनीने तो तितक्याच शांतपणे परत ओढून घेतला. गडचिरोलीच्या कोर्टामागची तिची ती एवढीशी खोली, त्यात तीन खुर्च्या. तिसऱ्या खुर्चीच्या कडेवर सोमाजीची बायको वच्छला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सकाळच्या एसटीने दोघं आरमोरीहून आली होती.

"काकाजी, हा नादारीचा अर्ज आहे. वाचला का?"

"वाचाचं काय त्याच्यात? माह्याजवळ काई नाई, असं कोर्टाले सांगाचं. मंग कोणी दारात येत नाई. टीव्हीवर मोठे मोठे लोक करते, तं मी काऊन नाई?"

"टीव्हीवरच्या लोकायले दुसऱ्या दिवशी बजारात वांगे घ्याले जा लागत नाई. तुमाले लागते."

वच्छला तोंडाला पदर लावून हसली. गेल्या दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती.

सोमाजीचं आरमोरीत बिछायत केंद्र होतं. मांडव, सतरंज्या, खुर्च्या, भात शिजवायचे गंज, सहाशे ताटं. चौतीस वर्षांत पंचक्रोशीतल्या अर्ध्या लग्नांना त्याचा मांडव पडला होता. मग टाळेबंदीत दोन हंगाम बुडाले. उघडीप झाली तर वडशाच्या रस्त्यावर मोठं लॉन झालेलं. त्याच्याशी बरोबरी करायला सोमाजीने पिकअप गाडी घेतली, रंगीत लाइटिंग घेतली, पतसंस्थेचं कर्ज काढलं. आता सगळं मिळून सहा लाख सहासष्ट हजार देणं होतं आणि झोप नव्हती.

"माहे भांडे नेते का वं बाई?" वच्छलाने विचारलं.

"घरचे रांधायचे भांडे, अंथरूण-पांघरूण कोणी नाई नेत, काकू. भाड्याचे नेते."

"आमच्या घरी घरचे कोणते अन् भाड्याचे कोणते, हे मलेच समजत नाई."

"गाडीवर फायनान्सवाल्याचा बोजा आहे. नादारी केली तरी तो गाडी नेऊ शकते. अन् एकदा नादार ठरले का सुटका होयेपर्यंत, पन्नास रुपये उधार मागाचे असन तरी आधी सांगा लागते, मी नादार आहो म्हणून."

"पन्नास?" सोमाजी खुर्चीत सरळ झाला. "पानठेल्यावर माही एकशे वीस बाकी आहे."

"आता मले सांगा, पतसंस्थेच्या कर्जाले जामीनदार कोण?"

सोमाजीने पेनाचं टोपण तोंडातून काढलं. "नथ्थू."

"मंग तुमी नादार झाले का संस्था नथ्थूकाकाच्या दारात."

नथ्थू आचारी होता. सोमाजीचा मांडव आणि नथ्थूची भाजी, अशी ती जोडी चौतीस वर्षांची. त्याच्याजवळ एक झारा, दोन कढया आणि पत्र्याचं घर, एवढीच इस्टेट.

"मी नाई म्हणून नाई राह्यली," नंदिनी म्हणाली. "कधी तोच रस्ता बरा असते, अन् त्याच्यात लाज नाई. पण आधी तीन कागद लिहून आणा. कोणाकोणाचं देणं आहे. घरात काय काय आहे. अन् तिसरा, सालभरात पैसा जाते कुठी. तिसरा खरा लिहा, काकाजी. लोक तिथीच लबाडी करते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर कागद घेऊन दोघं बसली. पहिले दोन कागद भराभर झाले. तिसऱ्यावर सोमाजीने लिहिलं, किराणा, लाइट बिल, डिझेल, पोरांची मजुरी, गोळ्या. बेरीज केली आणि कपाळाला हात लावला.

"घ्या. मिळकतीच्या मानानं पैसे उरा लागते! कुठी गेले?"

"थांबा," म्हणून वच्छला उठली आणि पत्र्याच्या पेटीतून वह्यांचा गठ्ठा घेऊन आली.

ती चौथीपर्यंत शिकली होती, पण ताटं-भांडी मोजायचं काम पहिल्या मांडवापासून तिचं. गेली किती, आली किती, हे ती वहीत लिही. लिहिलं नसतं तरी तिला आठवलं असतं. पहिला मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा होता, कापडाचा नव्हेच. पळसाच्या पानांच्या पत्रावळी ती आणि तिची सासू आठ आठ दिवस आधी लावत बसायच्या. नवरी कुठल्या गावची, पंगतीत भात कमी पडला होता का, वरात किती उशिरा आली, सगळं त्या वह्यांच्या पानांतून तिला डोळ्यांपुढे दिसे. पान उलटता उलटता ती गालात हसत होती.

"हसून काय राह्यली? कागद लिही."

"लिहून राह्यली नं." तिने गेल्या हंगामाची वही उघडली आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात आकडा होता. पाचशे एक. पाचशे एक. पाचशे एक आणि साडी.

"हे काय?"

"आहेर. तुमचा."

मांडव घातला की सोमाजी लग्न लागेपर्यंत थांबे. थांबला की लग्नघरचा यजमान हाताला धरून पंगतीला नेई. आणि कोणाच्या लग्नाचं अन्न खाऊन पाकीट न देता उठणं त्याला कधी जमलं नाही. पहिल्या वर्षी अकरा रुपये होते. मग एक्कावन्न, एकशे एक. लग्नं अठ्ठावन्न, प्रत्येकी पाचशे एक. शिवाय ओळखीच्या घरी साडी, टॉवेल-टोपी. वरून त्याच घरच्यांनी बिलातून हजार-पाचशे सोडून मागितले की तेही सोडायचे.

वच्छलाने दोनदा बेरीज केली. "रोख एकोणतीस हजार अठ्ठावन्न. कपडालत्ता चौदा हजार. त्रेचाळीस हजार अठ्ठावन्न. संस्थेचा हप्ता बाहात्तरशेचा. सहा हप्त्यायले एकशे बेचाळीस रुपये कमी."

"तूच तं पाकिटं भरून देत होती!"

"भरून देत होती. माहीबी चूक लिहा. मले वाटे, आपल्या घरी कार्य होईन तवा परत येईन."

"आपल्या प्रफुलनं तं कोर्टात लग्न केलं."

"हो नं. अठरा लोक होते. सहा कुकर आले."

दोघांनाही एकदम हसू फुटलं. हसून झाल्यावर सोमाजीने वही मिटली. मग हळूच म्हणाला, "पंगतीले बसाचं अन् हात हालवत याचं, हे माह्यानं होत नाई, वच्छला."

"मी कुठी म्हणते, आहेर नका देऊ? जेवू नका. जेवलंच नाई तं द्याचं काऊन?"

सोमाजीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने मांडवाचा मधला खांबच काढायला सांगितला होता. त्याला पंगतीची आवड लेकरासारखी. कोणत्या गावचं वरण पातळ आणि कुठली बुंदी कडक, हे तो झोपेतही सांगू शकला असता.

संध्याकाळी नथ्थू आला. सोमाजीने त्याला जामिनाचं सगळं खरं सांगितलं. नथ्थूने तंबाखू चोळली, तोंडात टाकली.

"संस्था माह्या दारात येऊन काय नेणार, झारा? कर नं अर्ज, भाऊ. माही काळजी नोको करू."

"तू म्हणते म्हणूनच नाई करत," सोमाजी म्हणाला.

पुढच्या आठवड्यात नंदिनीने तिन्ही कागद वाचले. तिसऱ्याशी थांबून तिने चष्मा वर केला. "काकाजी, गेल्या हंगामातलं हे सावली गावचं लग्न माहं आहे. मले साडी दिली होती तुमी?"

"जांभळी होती," वच्छला म्हणाली. "काठ बारीक."

नंदिनीने अर्ज कपाटात ठेवून दिला. फाडला नाही. "जमलं नाई तं हा आहेच," म्हणाली. पिकअप आणि लाइटिंग विकून गाडीचं आणि लाइटवाल्याचं देणं फिटलं. संस्थेला तिने पत्र लिहून दिलं, सोमाजीने ते स्वतः नेलं, आणि दोन फेऱ्या मारल्यावर हप्ता पाच हजारांवर आला. मांडव पुन्हा भाड्याच्या ट्रॅक्टरवर जाऊ लागला.

वैशाखात जुन्या ओळखीच्या डोमाच्या पोरीचं लग्न होतं, वैनगंगेकाठच्या गावात. मांडव पांढरा, निळी झालर. मंगल परिणय वेळेवर पार पडला. पंगत बसली. सोमाजी मांडवामागे, रिकाम्या पोत्यांवर बसला आणि त्याने पिशवीतून डबा काढला. भात, जवसाची चटणी, कांदा. पडद्यापलीकडून नथ्थूच्या वांग्याच्या भाजीचा वास येत होता.

नथ्थूने पडद्यातून डोकं काढलं. "वाटीभर देऊ का? कोणी पाहून नाई राह्यलं."

"मी पाहून राह्यलो नं."

थोड्या वेळाने खुद्द डोमाच शोधत आला. "अवो सोमाजीभाऊ! पयल्या पंगतीत तुमची जागा धरून ठेवली अन् तुमी इथी? काई चुकलं का आमचं?"

ताट मोजणारी वच्छला थबकली. सोमाजीने घास गिळला.

"चुकलं नाई, डोमाभाऊ. यंदा माह्याजवळ आहेराले पैसे नाई. म्हणून जेवत नाई. कर्ज फिटलं का जेवतो. पोरीले आशीर्वाद देऊन आलो."

नव्या धोतराची काळजी न करता डोमा पोत्यावर टेकला, डब्यात हात घातला आणि चटणीत कालवलेला भाताचा एक घास तोंडात टाकला.

"चटणी कोनं केली?"

"मी," वच्छला म्हणाली.

"मस्त आहे जी." दुसराही घास त्याने घेतला, हात धोतरालाच पुसला आणि पंगतीकडे गेला.

ऊन कलल्यावर ताटं घासून आली. वच्छलाने मोजून पोत्यात भरली. पाचशे अठ्ठ्याण्णव. दोन कुठे गेली असतील, हे तिला साधारण माहीत होतं. शेवटी तिने डबा घासला. झाकणावरची कोरलेली अक्षरं आता बोटालाच कळत. तिच्या लग्नात, पहिल्या कमाईतून, नथ्थूने आहेर म्हणून दिला होता.

तो तिने भाड्याच्या ताटांच्या पोत्यात टाकला नाही. पदराने पुसून आपल्या पिशवीत, तळाशी ठेवला.