पहिली पुडी देवाची

आम्हा अमरावतीच्या मैत्रिणींची एक भिशी आहे. पैशांची नाही, पुस्तकाची. जिची चिठ्ठी निघेल तिनं महिनाभरात एक पुस्तक वाचायचं आणि पुढच्या भेटीत बाकीच्यांना त्याची गोष्ट सांगायची, अगदी शेवटापर्यंत. सांगितली तर पुढचं पुस्तक निवडायचा मान तिचा. नाही जमलं तर तिनं मुकाट्यानं सगळ्यांसाठी चहा करायचा.

माझा चहा आता फार छान होतो.

मागच्या वेळी माझी चिठ्ठी निघाली तेव्हा खुशी पोटात होती. पुस्तक उघडलं की झोप यायची. शेवट मी मनानंच रचला. नायक विहिरीत पडून मरतो असं सांगितलं, दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मग करिश्मानं ते पुस्तक आधीच वाचलेलं निघालं. त्या नायकाचं म्हणे शेवटी लग्न होतं.

"विहिरीत पडला काय अन् लग्न झालं काय, एकच गोठ," असं मी म्हणून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

या वेळी पुन्हा माझी चिठ्ठी. मोबाईलच्या गटावर वर्षालीनं लगेच लिहिलं, "चला, रविवारी रोशनीच्या हातचा चहा!" पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मीही एक हसरा चेहरा टाकून दिला. मनात मात्र म्हटलं, या वेळी चहा वर्षाली करेल.

पुस्तक होतं रहस्यकथेचं. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर घेतलेलं, पिवळ्या जाड कागदाचं, मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, शिवण ढिली. एका सर्कशीच्या मालकाला कोणीतरी विष घालून मारतं. संशय सगळ्यांवर: जोकरवर, सिंहवाल्यावर, मॅनेजरवर, झुल्यावरच्या पोरीवर.

मी लग्न होऊन अकोल्याला आले; तिथे जठारपेठेत आमचं फुलांचं दुकान आहे. मागे घर, पुढे दुकान. अशा घरात वेळ मिळत नाही, चोरावा लागतो. मी कुकरमधून चोरला. कुकर चढवला की शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ माझा. वरणाला एक पान, हरभऱ्याला जरा जास्त. त्या महिन्यात आमच्या घरी हरभरे फार शिजले.

अडचण एकच. मनात वाचलेलं खुशीला चालत नाही. दीड वर्षाची आहे, पण आई गप्प बसून कागदाकडे बघतेय याचा तिला फार राग येतो. म्हणून मोठ्यानं वाचायचं, आणि तेही अंगाईच्या चालीत. तिला मांडीवर थोपटत मी गायचे, "मालकाच्या तोंडाला फेस आला गं बाई, फेस आला..." आणि माझी लेक शांत झोपायची.

स्वयंपाकघराच्या दारात माझ्या सासूबाई, शकुनबाई, हार ओवत बसलेल्या असायच्या. त्या ओरडायच्या, "काय वं ते पोट्टीले खून-बिन आयकवून राहिली! रामाचं नाव घे जरासं."

"हो आई," मी म्हणायचे आणि सिंहाच्या पिंजऱ्यापाशी पोचायचे.

शनिवारी सकाळी शेवटचं प्रकरण आलं. कुकर चढवला, खुशीला घेतलं. इन्स्पेक्टरनं सगळ्यांना मोठ्या तंबूत गोळा केलं होतं. 'खुनी याच तंबूत बसला आहे,' तो म्हणाला, 'आणि त्या माणसाचं नाव आहे...'

मी पान उलटलं. पुढे पुठ्ठा.

आधी वाटलं, दोन पानं चिकटली असतील. पुठ्ठा खरवडून पाहिला. पुस्तक झटकलं. खुशीचं तोंड उघडून पाहिलं. तिच्या तोंडात झेंडूची पाकळी होती, कागद नव्हता. मग पलंगाखाली, पिठाच्या डब्यामागे, सगळीकडे. शेवटी दुकानात गेले. माझे सासरे सहदेवराव तिथे शेवंती निवडत होते.

"बाबा, माह्या पुस्तकाचे दोन पानं पायले का तुमी?"

"ते पिवळे? हाव ना. काल रद्दीवर पडले होते." बाबांचा चेहरा उजळला. "लय मस्त कागद होता, बाप्पा! आजकालचा पेपर पातळ येते, वल्या फुलानं फाटून जाते. हे कसे जाड. अर्धे अर्धे फाडले, सकाळच्या पुड्या बांदल्या."

आमच्याकडे रोज उजाडताना फुलपुड्या जातात. कागदात दूर्वा, जास्वंद, दोन-चार शेवंत्या, वर दोरा. माझा नवरा कुंदन मोटरसायकलवर फिरून दाराच्या कड्यांना अडकवून येतो. म्हणजे माझा खुनी दोऱ्यानं बांधून अख्ख्या जठारपेठेत वाटला गेला होता.

मी तिथेच गुलाबाच्या बादलीशेजारी बसले आणि मला रडू आलं.

"अवं, रडतं कायले?" बाबा घाबरले. "पेपर वाच ना. पेपरात रोज खून असते."

कुंदन चहा पीत होता. "दुसरं आनून देतो ना," म्हणाला. पण दुसरं कुठून आणणार? पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव फाटक्या भागात गेलेलं. मोबाईलवर 'सर्कस मालक विष कादंबरी' घालून पाहिलं, तर उंदीर मारायचं औषध दिसलं. मग तो डोकं खाजवत म्हणाला, "पिवळ्या पुड्या... एक मनकर्णाबाईकडे अडकवली. एक जानराव काकाकडे. एक मंदिरात, ते तर निर्माल्यात गेली असंन आतापर्यंत. चवथी मले नाई आठवत बा."

मी खुशीला स्कूटीवर पुढे उभं केलं आणि निघाले.

मनकर्णाबाईंचं दार आतून बंद. बेल वाजवली तर खिडकीतून एक डोळा दिसला.

"कोन हाय?"

"मी रोशनी, फुलवाल्याईची सून. काकू, सकाळची पुडी..."

"तुले पाठवलं का त्यानं?" त्या आतूनच ओरडल्या. "कुंदनले म्हनाव, मी तुयं काय वाईट केलं लेका! एक डाव जास्वंद शिळी निघाली तं बोलली असंन मी!"

मला काही कळेना. त्यांनी दार बोटभर उघडलं आणि चिमट्यात धरलेला कागद बाहेर काढला. वर छापलं होतं: 'हा माणूस रोज पहाटे दारात येत होता. रोज हात पुढे करून तुम्ही त्याच्याकडून घेत होता. कुणाला कधी संशय आला नाही. आता फार उशीर झाला आहे.'

खरं सांगते, देवाच्या फुलांच्या पुडीत सकाळी सकाळी हे वाचलं असतं तर मीही दाराला कडी लावली असती.

"फुलं म्या हात नाई लावता फेकले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "देवालेबी हुंगू नाई देल्ले."

मी त्यांना सर्कशीचं सगळं समजावलं. त्या एकदम दार सताड उघडून म्हणाल्या, "मंग कोन होता तो? मारनारा?"

"तेच तर शोधून राहिली ना काकू."

"सापडला तं सांगजो. नाई तं मले झोप नाई लागनार." आणि मी स्कूटी वळवली तरी मागून, "अन् कुंदनले सांगू नको, मी त्याले काय म्हनलं ते!"

जानराव काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करतात. त्यांनी आपला तुकडा उशीखाली सपाट करून ठेवला होता.

"हा काय तुह्या पुस्तकाचा शेवट," ते म्हणाले. "पन आसा नाई भेटनार. शेवट वाचून मले सुरुवात मालूम नाई, जीव नुसता वरखाली होऊन राहिला. पयले मांगची गोठ सांग."

"काका, घरी कुकर..."

"पह्यलेपासून सांग."

मग काय, ओट्याच्या कडेला टेकले आणि सुरू केलं. तंबू उभारला, मालक आणला, जोकर आणला. आधी घाईघाईत सांगत होते, पण काका मध्येमध्ये "मंग?" म्हणायचे आणि त्या "मंग"ला काही तरी द्यावंच लागायचं. काकू पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. शेजारची सीमा धुणं वाळत घालता घालता थांबली. सिंहाचा प्रसंग आला तेव्हा खुशीनं खरोखरच डरकाळी फोडली आणि काकांची चप्पल दातात धरली. मालक मेला तेव्हा सीमा म्हणाली, "आई गं!" आणि तिच्या हातातली ओली साडी धुळीत पडली.

गोष्ट संपली, म्हणजे माझ्याकडची संपली. काका विचारपूर्वक म्हणाले, "जोकरच हाय तो. जास्त हासनाऱ्यावर भरोसा करू नाई." आणि तुकडा दिला.

त्यावर अगदी शेवटच्या ओळी होत्या. 'दुसऱ्या दिवशी सर्कस पुढच्या गावाला निघाली. सिंह मात्र दोन दिवस उपाशी होता. त्याला वेळेवर खायला घालणारं कोणी उरलं नव्हतं.'

"पाह्य," काकू म्हणाल्या, "सिंहवालाच!"

"जोकर," काका म्हणाले. त्यांचं भांडण लावून देऊन मी परत निघाले.

नाव मात्र सापडलं नव्हतं. जठारपेठेतून स्कूटी हळूहळू चालवत मी मनात उद्याचं रंगवत होते. वर्षालीचं स्वयंपाकघर, तिचा तो मोठा टोप, आलं कुठे असतं आणि साखर कुठे, सगळं मला पाठ आहे. पुन्हा विहिरीत ढकलावं का कोणाला? सिंहालाच ढकलते.

घरी आले तर कुकर उतरवलेला, भाजी झालेली. सासूबाई देवघरापुढे बसलेल्या. नाकावर चष्मा, हातात पिवळा कागद.

"आई!"

"वरडू नको. पह्यली पुडी कोनाची राह्यते?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिली पुडी आपल्या घरच्या देवाची. लग्न होऊन आल्यापासून रोज पाहतेय मी हे. बाबा पहिला कागद फाडतात, पहिली पुडी बांधतात आणि देवघरात ठेवतात, मग बाहेरच्यांच्या. पहिला फाडलेला कागद म्हणजे माझ्या तुटलेल्या ओळीनंतरचं पहिलं अर्धं पान. नाव त्यावरच! मी सगळं गाव पालथं घातलं आणि खुनी आमच्याच गणपतीपुढे दूर्वा घेऊन बसला होता.

मी हात पुढे केला. सासूबाईंनी कागद पदराखाली घेतला.

"थांब. पयले मले सांग, तो मॅनेजर सिंहवाल्याले काय बोल्ला होता? तव्हा तू मिक्सर लावला होता, मले आयकू नाई आलं."

मी त्यांच्यापुढे खाली बसले. "आई, तुमी रोज आयकत होत्या?"

"मंग! मी काय बहिरी हाय? हार ओवताना कान रिकामेच राह्यते ना." मग जरा हळू, "तू हरभरे शिजवाले टाकले का मले बरं वाटे. जास्त वाचतं तव्हा."

म्हणून सबंध महिना त्यांनी एकदाही हरभऱ्याबद्दल तक्रार केली नव्हती!

मी मॅनेजर सांगितला. मग मिक्सरमध्ये बुडालेली झुल्याची दोरीही सांगितली. तेव्हा कुठे पदराखालचा कागद बाहेर आला. खुशी मांडीत येऊन बसली. वाचायला लागले तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला, कारण चाल नव्हती. मग अंगाईच्या चालीतच म्हटलं:

'त्या माणसाचं नाव आहे गं बाई... गोदाबाई आचारीण.'

साठ माणसांचा आणि एका सिंहाचा स्वयंपाक करणारी गोदाबाई. अख्ख्या पुस्तकात ती फक्त परात घेऊन इकडून तिकडे जात होती, आणि पहाटे मालकाच्या तंबूत दूध पोचवत होती. माझ्या, काकांच्या, काकूंच्या, कोणाच्याच संशयात ती नव्हती. पुढे तिचा जबाब होता: 'वीस वर्षं रांधलं साहेब. रोज ताटावर बसले की म्हणायचे, मीठ कमी आहे. तू जेवलीस का, हे एकदा नाही विचारलं.'

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

"मले पयलेच मालूम होतं," त्या म्हणाल्या. "खून करू नाई मानसानं. पन तिचं काही चुकलं, असं मी नाई म्हननार."

मागे काहीतरी खुडबुडलं. दारात बाबा उभे होते, हातात शेवंतीची टोपली. कधीपासून उभे होते कोण जाणे.

दुपारी पानं वाढली. बाबांनी पहिला घास घेतला. रोज याच वेळेला ते मान वर करून "आज मीठ कमी हाय" म्हणतात आणि सासूबाई न बोलता मिठाची वाटी सरकवतात. आज सासूबाई हात मांडीवर ठेवून नुसत्या त्यांच्याकडे बघत बसल्या.

बाबांनी घास गिळला. दुसरा घेतला.

"भाजी फसकिलास झाली बरं," ते म्हणाले. आणि मग, वाटीतल्या दुधाकडे चोरून बघत, "तू जेवली काय वं?"

मी नंतर चव पाहिली. भाजीत मीठ अजिबातच नव्हतं.

रविवारी एसटीनं अमरावतीला गेलो. गेलो म्हणजे मी, खुशी आणि सासूबाई. "गोठ बराबर सांगतं का नाई, पाहाले येतो," म्हणाल्या. साईनगरात वर्षालीकडे मी सांगायला बसले, जानराव काकांचे सगळे "मंग" मनात ठेवून. मधेच विसरले की सासूबाई कोपऱ्यातून आठवण द्यायच्या, डरकाळी खुशीकडे होती. गोदाबाईचं नाव आलं तेव्हा करिश्मानं आपल्या सासूला फोन लावला, सहज, जेवल्या का विचारायला.

चहा वर्षालीनं केला. पाणचट होता. मी दोन कप घेतले.

मग ती म्हणाली, "बोल रोशनी, पुढचं पुस्तक कोणतं? मान तुझा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "कोनतंबी घ्या वं पोरीहो. पन कागद पातळ पाह्यजा."