साठ डायपरची बेगमी

नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बुडाला की या टोल्यावरच्या माणसांना पाणी उतरेपर्यंत कुठं जाता येत नाही की कुणाला इकडं येता येत नाही. म्हणून कुरखेड्यापलीकडच्या या वस्तीत घरोघरी मृग लागायच्या आत पावसाळ्याची बेगमी करून ठेवतात. तांदूळ, मीठ, तेल, आगपेट्या, वाळलं सरपण. सुगंधाबाईच्या बेगमीत यंदा एक जिन्नस वाढला होता. साठ डायपर, मोठ्या माणसाचे.

हो, नवऱ्यासाठीच. दादाजीला माघात लकवा मारला आणि डावं अंग गेलं. आधी ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या वापरायची. पण चैत्रात चार दिवस अवकाळी आला, एक चिंधी वाळेल तर शपथ! ओल्या फडक्यांनी बिचाऱ्याची पाठ सोलून निघाली. तेव्हा वडशाला दिलेल्या लेकीनं, दिव्यानीनं, फोनवर बजावलं, "माय, चिंध्या बंद कर आता," आणि जावयाच्या गाडीवर सहा पुडे पाठवून दिले.

आता दादाजी म्हणजे कसला लाजाळू माणूस! सापाच्या दिवसांतही बांधाच्या पार आड जाऊन बसणारा. पहिला डायपर बांधला तेव्हा त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि रडला.

"अजी, रडता काऊन? लहान लेकरं नाई का बांधत?" सुगंधाबाई म्हणाली. असं बोलायला नको होतं, पण बाईची जीभ पहिल्यापासून मोकळी. मनात आलं की ओठावर आलंच.

पुडे तिनं पोत्यात बांधून माळ्यावर टांगले, उंदरांच्या भीतीनं. रात्रीला एक डायपर पुरायचा, दिवसा चिंध्यांवर भागवायची. रोज एक काढायची आणि किती उरले ते मोठ्यानं बोलायची. घरात दुसरं ऐकणारं होतं कोण? दादाजी एकटाच.

आषाढात झड लागली. रपटा बुडाला. तिसऱ्या दिवशी माळ्यावरच्या छपराचं कवेलू सरकलं आणि पाण्याची धार नेमकी पोत्यावर. डायपरचा धर्मच पाणी प्यायचा! तीन पुडे फुगून लगदा झाले. सुगंधाबाई तो लगदा पुढ्यात घेऊन खाटेसमोरच बसली आणि गळा काढला.

"गेले जी, तीस गेले! नऊच उरले आता. रपटा कधी खुलते देव जाणे. कसं पुरवू मी तुमाले?"

दादाजी खाटेवरून बघत होता.

दुसऱ्या सकाळी बघते तर डायपर जवळजवळ कोरडा. बाईला काय आनंद झाला! "वा जी, वा! चालते अजून एक दिवस." कुडापलीकडच्या शेजारणीला हाक मारून सांगितलं, "अव अंजनाबाई, आमचे बुढे शहाणे झाले!" तिसऱ्या दिवशीही तसंच, चौथ्याही दिवशी. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "असेच राहा." तो अर्ध्या तोंडानं हसला.

झड थांबली. दोन दिवस चांगलं ऊन पडलं. खाटेजवळ गळत होतं तिथं तिनं घमेलं ठेवलं होतं, झड थांबली तेव्हाच ते रिकामं केलं होतं; आता काढायला गेली तर अर्धं भरलेलं. वर पाहिलं. कवेलू सुकं, वासा सुका. मग पाणी आलं कुठून? तिनं दादाजीच्या उजव्या हातात पाण्याचा पेला दिला आणि चुलीकडं गेल्यासारखं करून दारातून बघत राहिली.

त्यानं पेला ओठाला लावला. घोट घेतला नाही. हात हळूच बाजूला नेला आणि पाणी घमेल्यात ओतून दिलं.

"हे काय करून राह्यले जी?"

तो दचकला. जीभ टाळूला चिकटलेली, शब्द कसाबसा निघाला. "नऊच ना," तो म्हणाला. "मी पुरवून राह्यलो."

"अव माय, माही जीभ जळो!" तिनं कपाळ बडवून घेतलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पेला तोंडाशी धरला. "प्या जी. सारं घर भिजवा, मी धुतो." पाणी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. अंग तव्यासारखं तापलेलं.

अंजनाबाईनं धावत जाऊन ट्रॅक्टर आणवला. रपट्यावर अजून गुडघाभर पाणी होतं, तसाच काढला. कुरखेड्याहून गडचिरोलीला.

तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले असते तर बरं वाटलं असतं तिला. ते शांतपणे म्हणाले, "शरीराला पाणीच मिळालं नाही, बाई. किडन्या थांबल्या. सलाईन लावलं आहे, आता लघवी झाली तर आशा." पलंगाखाली नळीची पिशवी लटकत होती. सुगंधाबाई तिच्यासमोर फरशीवर बसली ती उठलीच नाही. वडशाहून दिव्यानी आली. "माय, दोन घास खा." बाईनं मान हलवली. दर घडीला पिशवी चाचपून बघायची. थेंब नाही. आपणच मारलं याला, आपल्या तोंडानं मारलं, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या कानाशी वाकली. "अजी, करा ना. लाज नका धरू. इथी कोणी नाई पाहत. गादी भिजू द्या, पलंग भिजू द्या."

नर्स आली. नाडी बघितली, डॉक्टरांना बोलावून आणलं. मग सलाईन बंद केलं, नळी काढली. दिव्यानीनं हंबरडा फोडला. सुगंधाबाई मात्र तशीच कानाशी वाकलेली.

"करा जी," ती म्हणत होती, "मी काई म्हणत नाई."