मास्तरांच्या घरचा वजनकाटा

मित्रांनो, ज्याच्यावर उभी राहून माणसे आधी पोट आत घेतात आणि मग भीत भीत खाली पाहतात, तो मी. जुना, लोखंडी, तबकडीचा वजनकाटा.

माझे अंग ओतीव लोखंडाचे आहे. कारखान्यात माझ्या पोटात एक जाड स्प्रिंग बसवली, वर पांढरी तबकडी आणि काच लावली, आणि तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने शिक्का मारून मला जगात सोडले. माझी पहिली नोकरी एका बसस्थानकाच्या पार्सल ऑफिसात होती. खोकी, पोती, सायकली, गुंडाळलेल्या गाद्या, एकदा तर शिवलेल्या टोपलीतली कोंबड्यांची अख्खी फलटण माझ्यावर बसून गेली. ते ऑफिस सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. एकदा एक व्यापारी त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "मास्तर, मी टेबलावर थोडं वजन ठेवतो, तुम्ही मालाचं थोडं कमी करा."

मास्तर म्हणाले, "वजन ठेवायचं तर काट्यावर ठेवा. टेबलाचा पाय मोडका आहे."

असे ते होते. त्यांच्यामुळे माझ्या शब्दाला किंमत होती.

पुढे आकडे उजळणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. मास्तर निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी विचारले, निरोपाची भेट म्हणून काय देऊ? त्यांनी मला मागून घेतले. सगळे हसले. मास्तरांचा धाकटा भाऊ बस चालवायचा, त्याने मला खांद्यावर घेऊन घरी आणले.

ते घर लहान होते. पुढच्या खोलीत मास्तरांच्या लेकीचे शिवणकामाचे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या, मध्ये एक बोळकंडी. आई लेकीच्या लहानपणीच गेली होती, त्यामुळे बाप आणि लेक हेच घर. काका, म्हणजे मास्तरांचा तो भाऊ, पलीकडच्या गल्लीत एकटा राहायचा आणि जेवायला इकडे यायचा. मला बोळकंडीत ठेवले आणि माझ्यावर एक मोठी कुंडी आली. कितीतरी वर्षे मी त्या कुंडीचे वजन दाखवत उभा होतो. पाणी घातले की काटा जरासा पुढे जायचा, माती सुकली की मागे यायचा. कोणी बघत नव्हते. खरे सांगायचे तर मला वाटले होते, आता आयुष्य संपले.

मग एका सकाळी लेकीने कुंडी उचलून बाजूला ठेवली. माझ्यावरची माती ओल्या फडक्याने पुसली. काटा शून्यावर आणायची चकती तिने दोनदा फिरवून बघितली.

मास्तरांच्या यकृतात गाठ सापडली होती. कर्करोगाची. तरुणपणी त्यांना कावीळ झाली होती, तिचा विषाणू अंगात दबा धरून बसला होता आणि यकृत आतल्या आत खराब करत होता. काही दिवस जेवण जाईना, विजार सैल झाली, म्हणून तपासण्या केल्या, तर हे निघाले. गाठ एकच होती, अजून पसरली नव्हती. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की गाठीसकट यकृताचा तेवढा तुकडा काढता येईल. यकृत हा मोठा चिवट अवयव आहे, उरलेला भाग वाढून जागा भरून काढतो. पण आधी अंगात ताकद हवी. वजन आणखी घटले तर शस्त्रक्रिया झेपणार नाही.

"म्हणजे पास व्हायचं तर काट्याकडून," मास्तर म्हणाले. कोणी हसले नाही.

तेव्हापासून त्या घराचा दिवस माझ्यापासून सुरू होऊ लागला. मास्तर चढायचे, लेक वाकून आकडा बघायची आणि दवाखान्यात फोनवर कळवायची, काका बोळकंडीच्या तोंडाशी उभा राहायचा. पहिल्यांदा काटा खाली आला. पुन्हा खाली आला. लेक सूप करायची, अंडी उकडायची, दुधात काही काही ढवळून द्यायची. मास्तर दोन घास खाऊन ताट सरकवायचे. "अन्न बघितलं की मळमळतं, पोरी. मी तरी काय करू?" ती ताट उचलून न्यायची. आणि भांडी जोरात घासायची.

आणि मग काटा अचानक वर सरकला. थोडासाच, पण वर. पुढच्या वेळी आणखी थोडा. लेकीचा चेहरा उजळला. मला मात्र कळत होते की मास्तरांची पावले आहेत तितकीच हलकी आहेत आणि जास्तीचे वजन उजव्या बाजूला, कुठेतरी मांडीजवळ, लोंबते आहे. पण मी काटा आहे. जेवढे माझ्यावर येते तेवढे सांगतो, ते कशाचे आहे हे मला सांगता येत नाही.

ते लेकीच्या डोळ्याने हेरले. शिवणकाम करणाऱ्याला कपड्याचा झोल लगेच दिसतो. थंडी सोसवेना म्हणून मास्तर हल्ली काढतच नसत त्या लोकरी कोटाचा उजवा खिसा खाली ओढला गेला होता आणि शिवण उसवायला आली होती. तिने सरळ खिशात हात घातला. आतून दोन लोखंडी ठोकळे निघाले. कापड कापताना ते सरकू नये म्हणून ती ज्यांनी दाबून ठेवायची, तेच. दोन-तीन दिवसांपासून ती ते दुकानभर शोधत होती.

"बाबा, हे काय?"

"कापड दाबायची वजनं."

"ते मला माहीत आहे. तुमच्या खिशात काय करतायत?"

मास्तरांनी ठोकळे तिच्या हातातून घेऊन खाली ठेवले. मग म्हणाले, "वजन घटलं म्हणून ऑपरेशन रद्द केलं असतं त्यांनी. आणि ती गाठ काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"आणि ऑपरेशनच्या टेबलावर झोपल्यावर? तिथे हे लोखंड उपयोगी पडलं असतं?"

मास्तरांनी कोट काढला. अनवाणी पायांनी पुन्हा माझ्यावर उभे राहिले. काटा जिथे थांबला तो आकडा कोणी मोठ्याने वाचला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाला मापात पाप करू दिले नाही, तो मान खाली घालून उभा होता. मला त्यांचा राग आला नाही. भीती माणसाला काय काय करायला लावते ते मी त्या दिवशी पाहिले.

लेकीने तिथेच फोन लावून डॉक्टरीणबाईंना खरे सांगितले. तारीख पुढे गेली. दोन्ही बाजूंनी कोंडी होती. थांबावे तर गाठ वाढणार, घाई करावी तर अंग साथ देणार नाही. मग दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी नवी रीत घालून दिली. मोठे ताट बंद. दर थोड्या वेळाने वाटीभर काहीतरी, आणि ते संपल्याशिवाय समोरून हलायचे नाही. लेक शिवणयंत्रावर बसली की काका समोर बसायचा. काका अंगाने आडवा. तो म्हणायचा, "दादा, तू एक घास खा, मी एक खातो." त्या दिवसांत काकाचे वजन भराभर वाढले. पण मास्तरांचेही घटायचे थांबले. काटा एका जागी टिकला आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली.

त्या दिवसांतले घर मला आठवते. शिवणयंत्र बंद, दाराला कुलूप. काका झाडांना पाणी घालायला यायचा, तेव्हाच काही कळायचे. शस्त्रक्रिया झाली, गाठ पूर्ण निघाली, मास्तर शुद्धीवर आले, असे तो झाडांनाच सांगत होता. मी ऐकत होतो.

मास्तर घरी आले ते पोट हाताने धरून, एकेक पाऊल मोजत. दवाखान्यातल्या परिचारिकेने घरी सोडताना बजावले होते की रोज वजन करा, आणि त्यात मोठा फरक दिसला तर लगेच कळवा. फरक म्हणजे घट, असेच तिघांनी धरले. इतके दिवस घटीचीच धास्ती होती ना!

आणि काटा वर जाऊ लागला. रोज वर. काका खूश होऊन म्हणाला, "बघा, गाडी घाट चढायला लागली!" त्याने शेजारीपाजारीही सांगितले. मास्तर हसत होते, पण लवकर दमत होते. "पोट भरल्यासारखं वाटतं," म्हणत वाटी परत करत होते.

एका सकाळी लेक आकडा बघून खाली बसली ती उठलीच नाही.

"बाबा, तुम्ही काल काय खाल्लं? अर्धी वाटी सूप. त्याने एवढं वजन वाढतं?"

"मग चांगलंच आहे की."

"खिसे दाखवा."

मास्तरांचा चेहरा पडला. "पुन्हा? एकदा चुकलो म्हणून कायमचा चोर ठरलो का मी?"

"दाखवा, बाबा."

त्यांनी रागाने दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. रिकामे. काका मध्ये पडला, "अगं, कशाला त्याचं मन मोडतेस? चार दिवस बरे आलेत..." तिने ऐकले नाही. मोज्यात काही लपवले असेल म्हणून तिने मोजा खाली ओढला. मोज्याच्या वरच्या काठाचा पायावर खोल वळ उमटला होता. तिने त्याच्या वर बोट दाबले, आणि उचलले. बोटाचा खड्डा तसाच राहिला. तिने दुसऱ्या पायावर दाबून पाहिले. तिथेही तसेच.

मग तिने मास्तरांचा सदरा वर केला. पोट तंबूसारखे ताणलेले, आणि वरची छाती व दंड मात्र काडीसारखे.

"हे अंग भरलेलं नाही," ती म्हणाली. "हे पाणी आहे."

मला कुंडी आठवली. पाणी काय आणि मांस काय, माझ्या तबकडीवर दोघांचा आकडा एकच.

"उद्या सकाळी जाऊ," मास्तर पुटपुटले. "आज उगाच धावाधाव..."

"बाबा, चप्पल घाला."

काका तोवर रिक्षा बघायला धावला होता.

पुढचे दिवस सर्वांत वाईट होते. पोटात पाणी साठले होते आणि त्यात जंतू शिरायला सुरुवात झाली होती. सुई घालून पाणी काढले, सलाइनमधून औषधे सुरू केली. लेक तिकडेच होती. एकदा काका कपडे न्यायला आला. पिशवी भरली, आणि बुटाची नाडी बांधायला माझ्यावर बसला. नाडी बांधून झाली तरी तो उठला नाही. चेहरा ओंजळीत घेऊन बसून राहिला. तबकडीकडे कोणाचे लक्ष नव्हते, पण माझा काटा सारखा हलत होता. एवढा मोठा माणूस आवाज न करता रडत होता. मग त्याने तोंड धुतले, पिशवी उचलली, आणि दाराशी जाऊन आपल्याशीच म्हणाला, "दादासमोर हसायचं."

औषध लागू पडले. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. मास्तर परत आले तेव्हा काटा पुष्कळ खाली होता, आणि गंमत बघा, त्या दिवशी त्या खालच्या आकड्यावर घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला.

बापलेकीत थोडा अबोला होता. तो मास्तरांनीच मोडला. जेवायला बसताना म्हणाले, "त्या दिवशी तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास, तर आज मी नसतो."

लेक म्हणाली, "सूप गार होतंय."

पाणी पुन्हा साठू नये म्हणून मीठ जवळजवळ बंद झाले होते. मास्तर कुरकुरायचे, "मिठाला जागणारा माणूस मी, आणि मलाच मीठ नाही." काका त्यांच्यासमोर बिनमिठाचे खायचा आणि घरी जाऊन काय खायचा ते त्यालाच ठाऊक. हळूहळू मास्तर अंगणाच्या फाटकापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले. काटा मुंगीच्या पावलांनी वर येऊ लागला. लेक रोज घोटे दाबून बघायची. खड्डा पडत नव्हता. तपासणीत यकृत भरत असल्याचे दिसले, नवी गाठ दिसली नाही. दर काही महिन्यांनी पुन्हा तपासायचे आहे. त्या तारखा जवळ आल्या की आजही घरात भांडी जोरात वाजतात.

पण मला सांगायची आहे ती वेगळी सकाळ. मास्तर माझ्यावरून उतरले, आकडा चांगला होता. लेक दुकानाकडे वळली. मास्तर म्हणाले, "थांब. आता तू चढ."

"मला काय झालंय? गिऱ्हाईक येईल, ब्लाउज राहिलाय."

"चढ."

ती चढली. मास्तर वाकले. त्यांनी चष्मा पुसला. "उतर," म्हणाले. काटा शून्यावर आहे ना ते बघितले. "परत चढ." तोच आकडा.

मग त्यांनी तिच्या कुडत्याची कडेची शिवण दोन बोटांत धरली. तिथे एकीशेजारी एक अशा टाक्यांच्या तीन ओळी होत्या.

"किती वेळा आत घेतलास हा?"

ती हसायला गेली, ते जमले नाही, आणि ती माझ्यावर उभी असतानाच बापाच्या खांद्यावर डोके टेकून हुंदके देऊ लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मास्तरांनी तिला रडू दिले. मग दुकानाचे दार आतून लावून घेतले, तिला खुर्चीत बसवले आणि स्वतः स्वयंपाकघरात गेले. अंडी कुठल्या डब्यात असतात ते त्यांना तीनदा विचारावे लागले.

मित्रांनो, मला स्वतःसाठी फार काही नको. अधूनमधून धूळ पुसा, स्प्रिंगला तेल द्या, पुरे. पण तुमच्या घरी कोणी आजारी पडले, तर सगळ्यांच्या नजरा त्या माणसावर असतील. तेव्हा त्याला धरून जो उभा आहे, त्यालाही आठवणीने एकदा काट्यावर उभे करा. तो म्हणेल, मला काय झालंय? त्याचे ऐकू नका. वाकून आकडा बघा.