तेल लावलेले पाय

मांजरी गावातल्या नव्या फ्लॅटमध्ये मथुराबाई बाथरूममध्ये घसरल्या, तेव्हापासून त्यांना आतून कडी लावायची बंदी झाली. सून पूर्णिमा बाहेर उभी राहून विचारायची, "आई, झालं का?" उभ्या शिवारावर हुकूम चालवलेल्या बाईच्या अंघोळीवर पहारा! तो उठावा म्हणून तर फरशी बदलायची ठरली.

दुकानात मुलाने, सूरजने, प्लास्टिकच्या फरशीचं व्हिनाइल पसंत केलं. "मऊ आहे आई. पडलीस तरी लागणार नाही."

"मला पडायचंच न्हाई," म्हणत मथुराबाईंनी पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली. तळव्यांना तेल चोळल्याशिवाय त्या अंघोळीला बसत नसत, मग परीक्षा कोरड्या पायांनी कशी घ्यायची?

"आजी, हे दुकान आहे, न्हाणीघर नाही," दुकानदार म्हणाला.

"म्हणून तर! हितं पडले तर उचलायला माणसं हायेत."

नमुन्यांवर पाणी शिंपडून, सुनेचा खांदा धरून त्या उभ्या राहिल्या. चकचकीत टाइलवर पाय सटकला. व्हिनाइलवर टिकला, पण दुकानदारच म्हणाला, "रोज बादलीभर पाणी ओतणार असाल तर हे नेऊ नका. सांध्यातून खाली मुरेल."

उरली खरखरीत टाइल. मथुराबाईंनी टाच टेकवली, अंगठा रोवला, खांदा सोडला आणि चक्क गिरकी घेतली.

"हीच घे, सूरज. आन् पूर्णिमा, फरशी बसली की तुझा पहारा सुटला बघ!"

पूर्णिमा सासूपेक्षा मोठ्यांदा हसली.