आवाजाची वाटणी

संगमेशने हौसेने बांधलेले कमरेइतके उंच स्पीकर बैठकीत राहायचे की गोदामात तुरीच्या पोत्यांशेजारी जायचे, याचा निकाल त्या सोमवारी संध्याकाळी लागणार होता. निकाल देणार होते त्याचे वडील, उदगीरचे आडते गुरुपादप्पा.

"एका भजनाला इतके डबे?" त्यांनी विचारले.

"अप्पा, हा क्रॉसओव्हर आवाज आधीच वाटून देतो. खर्ज, मधला आन् बारीक, तिघांला आपापला ॲम्प्लिफायर. कुनी कुनाच्या ताटात हात घालत न्हाई."

"आपल्या घरात चार पिढ्या वाटणी न्हाई झाली. तू आवाजाची करून बसलास."

भिंतीशी बसलेले दुकानाचे जुने मुनीम चन्नबसप्पा खुदकन हसले. शिवरात्रीच्या भजनात तूच बेसूर गातोस, म्हणून अप्पा त्यांना वर्षानुवर्षे टोचत आले होते. तरी सोमवारचा चहा त्यांनी कधी चुकवला नव्हता.

संगमेशने यंदाच्या त्याच भजनाचे रेकॉर्डिंग लावले. पखवाजाची थाप फरशीतून तळपायांत शिरली, टाळ कानाशी लखलखले. आई, रुद्राणीबाई, पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. अप्पांची मान डोलू लागली. संगमेशने इथेच थांबायला हवे होते. पण तो हुरळला होता. करामत दाखवण्यासाठी त्याने खर्जाचे आणि बारीक आवाजाचे ॲम्प्लिफायर बंद केले.

पखवाज गेला, टाळ गेले. उरले नुसते गळे आणि पेटीचे सूर, धुतल्यासारखे स्वच्छ. चन्नबसप्पांचा आवाज पेटीला धरून सरळ चालला होता. दुसरा एक भारदस्त आवाज मात्र बांध ओलांडून परक्याच्या रानात शिरलेल्या बैलासारखा मनमुराद चरत होता.

"ह्ये कोन?" अप्पांनी विचारले.

"ओळखा की मालक," चन्नबसप्पा म्हणाले. "घरातलाच हाय."

रुद्राणीबाईंनी तोंडात पदर कोंबला, पण खांदे हलू लागले. संगमेशच्या छातीत हसू उसळत होते आणि डोळ्यांपुढे तुरीची पोती नाचत होती.

अप्पांनी कडवे संपेपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "त्यो मधला बंद कर. बाकीचे लाव."

पखवाज पुन्हा घुमला, टाळ खणखणले. गळ्यांच्या जागी पुसट कुजबुज तेवढी राहिली. त्या मोकळ्या जागेत अप्पांनी स्वतःचा आवाज सोडला, अगदी तसाच, बांधापलीकडचा. चन्नबसप्पांनी हसत हसत सूर धरला. रुद्राणीबाई डोळे पुसत खालीच बसल्या.

"ऱ्हाऊ दे हितंच," श्वास घेता घेता अप्पा म्हणाले. "पर सोमवारी मधल्याला सुट्टी."